रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी प्रीॲम्प: ॲक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह?

नव्याने टर्नटेबल घेणाऱ्याला दुकानात ‘प्रीॲम्प लागेल हं’ असं सांगतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. त्या नावाने दोन वेगवेगळे डबे विकले जातात. पहिला फोनो प्रीॲम्प, म्हणजेच फोनो स्टेज. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, येणारा अगदी क्षीण सिग्नल ती मोठा करते आणि रेकॉर्ड कापताना मुद्दाम बदललेला आवाज पुन्हा मूळ जागी आणते. दुसरा लाइन प्रीॲम्प. तो फोनो स्टेजच्या पुढे आणि पॉवर ॲम्पच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्पच्या, आधी बसतो. आवाज कमीजास्त करणं आणि रेकॉर्ड ऐकायची की सीडी हे निवडणं, एवढंच त्याचं काम. ‘ॲक्टिव्ह की पॅसिव्ह’ हा वाद या दुसऱ्या डब्याचा आहे. पॅसिव्ह प्रीॲम्प आणला म्हणून फोनो स्टेजला सुट्टी मिळत नाही.

तुमच्याकडे इंटिग्रेटेड ॲम्प असेल किंवा व्हॉल्यूमची खुंटी असलेले पॉवर्ड स्पीकर असतील, तर लाइन प्रीॲम्प त्यांच्या पोटातच आहे. तुम्हाला हा डबा नको. ते पैसे चांगल्या कार्ट्रिजवर घाला, फरक लगेच कळेल. ज्यांच्याकडे वेगळा पॉवर ॲम्प आहे, किंवा जुना बिनखुंटीचा पॉवर ॲम्प कुणाकडून स्वस्तात मिळतोय, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

पॅसिव्हमध्ये वीज लागत नाही. आत एक पॉट, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल, आणि बाहेर आरसीए सॉकेट. नळाच्या तोटीसारखं: पाणी कमी करता येतं, वाढवता येत नाही. ॲक्टिव्हमध्ये पॉवर सप्लाय असतो, ट्रान्झिस्टर, आयसी किंवा (जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे) व्हॉल्व्ह असतात, आणि तो सिग्नल वाढवूही शकतो. पॅसिव्हवाले म्हणतात, सिग्नलच्या वाटेत जितकं कमी तितकं बरं. ॲक्टिव्हवाले म्हणतात, पॅसिव्हने आवाजातला जीव जातो. दोघांचंही आपापल्या घरी खरं असू शकतं. तुमच्या घरी काय होईल हे चार-पाच आकडे मांडले की बहुतांशी कळतं, आणि ते आकडे मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर छापलेले असतात.

पायरी १: फोनो स्टेजमधून किती व्होल्ट निघतात ते काढा

ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ई या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचं आउटपुट ४ मिलिव्होल्ट आहे. ऑर्टोफॉन २एम रेडचं ५.५ मिलिव्होल्ट. डेनॉनच्या डीएल-१०३ या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं फक्त ०.३ मिलिव्होल्ट. त्यामानाने सीडी प्लेअर थेट २ व्होल्टपर्यंत देतो. हे अंतर फोनो स्टेजने भरून काढायचं असतं. मूव्हिंग मॅग्नेटसाठी साधारण ४० डेसिबल गेन असतो, म्हणजे शंभरपट. मूव्हिंग कॉइलसाठी ६० डेसिबलच्या आसपास, म्हणजे हजारपट.

शिवाय आरआयएए, म्हणजे रेकॉर्ड कापताना बेस-ट्रेबल किती बदलायचा याचं ठरलेलं प्रमाण. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून हे प्रमाण सगळीकडे रुळलं. रेकॉर्ड कापताना बेस दाबतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूत फारसं काही मावणार नाही. ट्रेबल उचलतात, कारण वाजवताना तो पुन्हा खाली आणला की त्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. फोनो स्टेज नेमकं उलटं करते: १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला सुमारे २० डेसिबल खाली. टर्नटेबल थेट लाइन इनपुटला जोडलं तर आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो, तो यामुळे. कोणताही पॅसिव्ह किंवा ॲक्टिव्ह लाइन प्रीॲम्प हे दुरुस्त करत नाही.

काही टर्नटेबलांमध्ये फोनो स्टेज आतच असते. ऑडिओ टेक्निकाच्या एलपी६०एक्स आणि एलपी१२०एक्सवर फोनो आणि लाइन असं बटण आहे. ते लाइनवर ठेवून वायर फोनो इनपुटमध्ये घातली तर सिग्नल दोनदा वाढतो, दोनदा ‘सरळ’ होतो आणि आवाज फाटतो. एकच फोनो स्टेज, एकदाच.

आता गुणाकार. व्हीएम९५ईचे ४ मिलिव्होल्ट गुणिले १०० म्हणजे ०.४ व्होल्ट. हा आकडा ठरावीक चाचणी-पातळीचा आहे. रेकॉर्डमधले जोरकस क्षण त्याच्या तिप्पट-चौपट जातात, म्हणजे १.२ ते १.६ व्होल्ट. डीएल-१०३ ला हजारपट गेन दिला तर ०.३ व्होल्ट. तीच कार्ट्रिज चुकून ४० डेसिबलच्या सेटिंगवर राहिली तर ०.०३ व्होल्ट, आणि मग ‘पॅसिव्हमध्ये दम नाही’ असा शेरा मिळतो. दोष पॅसिव्हचा नसतो, मागच्या बाजूच्या छोट्या स्विचचा असतो.

पायरी २: पॉवर ॲम्पला किती हवेत ते पाहा

मॅन्युअलमध्ये ‘गेन’ किंवा ‘इनपुट सेन्सिटिव्हिटी’ (पूर्ण ताकदीला इनपुटवर किती व्होल्ट लागतात) शोधा. बऱ्याच पॉवर ॲम्पचा गेन २६ डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे वीसपट. ०.४ व्होल्ट गुणिले २० म्हणजे ८ व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ८ व्होल्ट म्हणजे ८ वॉट. स्पीकर एका वॉटला ८८ डेसिबल देणारा असेल तर एक मीटरवर सुमारे ९७ डेसिबल झाले. आणि ही जोरकस क्षणांच्या आधीची गोष्ट. सोसायटीतल्या दोन बेडरूमच्या घरात शेजारी दार ठोठावतील इतका हा आवाज आहे.

म्हणजे इथे लाइन प्रीॲम्पने गेन देण्याची गरजच नाही. अशा घरात १५-२० डेसिबल गेनचा ॲक्टिव्ह प्रीॲम्प लावला की खुंटी (घड्याळाच्या काट्यासारखी धरली तर) आठ-साडेआठच्या पुढे नेता येत नाही. आधी वाढवायचं आणि मग सगळं पॉटमध्ये जिरवायचं. रात्री हळू ऐकताना आणखी एक त्रास होतो: स्वस्त पॉटच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू एकसारखी नसते. गवई मधोमध बसायचा तो एका स्पीकरकडे सरकतो.

उलट उदाहरणंही आहेत. अमेरिकी ॲम्प-डिझायनर नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॉट कंपनीचा एफ४ हा पॉवर ॲम्प व्होल्टेज वाढवतच नाही, फक्त करंट पुरवतो. त्याच्यापुढे पॅसिव्ह ठेवलात तर कुजबुज ऐकू येईल. तिथे चांगल्या गेनचा ॲक्टिव्ह हवाच. ढोबळ नियम सांगायचा तर, सेन्सिटिव्हिटी १ व्होल्टच्या आसपास आणि फोनो स्टेजमध्ये पुरेसा गेन असेल तर पॅसिव्ह चालतो. २ व्होल्टच्या पुढे असेल आणि स्पीकरही खादाड असतील, तर ॲक्टिव्ह घ्या.

पायरी ३: इम्पीडन्स आणि केबल, खरी मेख इथे आहे

व्होल्टचं गणित बहुतेकांचं जुळतं. पॅसिव्ह फसतो तो इथे.

इम्पीडन्स म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात. पॉटचं आउटपुट इम्पीडन्स खुंटी फिरेल तसं बदलतं. सर्वांत वाईट जागा ६ डेसिबल खाली असते, आणि तिथे ते पॉटवर लिहिलेल्या ओहमच्या साधारण पाव भागाइतकं होतं. ५० किलोओहमचा पॉट असेल तर १२.५ किलोओहम. आता या पॉटपासून पॉवर ॲम्पपर्यंतची केबल धरा. साध्या आरसीए केबलला मीटरमागे १०० ते १५० पिकोफॅरड कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, असतो. पाच मीटर केबल भिंतीकडेने फिरवली आणि ॲम्पच्या इनपुटवरचा छोटा फिल्टर कपॅसिटर मिळवला, तर एकूण हजार पिकोफॅरड सहज होतात. १२.५ किलोओहम आणि १००० पिकोफॅरड मिळून १२.७ किलोहर्ट्झवर ३ डेसिबल घट. झांजेची चमक आणि सतारीच्या जवारीचा वरचा काठ तिथेच गेला.

गंमत अशी की बरेच जण या आवाजाला ‘गोड’, ‘ॲनालॉग’ म्हणतात. गोड वगैरे काही नाही, ट्रेबल गळालाय.

तोच हिशेब १० किलोओहमच्या पॉटने करा: २.५ किलोओहम आणि १००० पिकोफॅरड, घट थेट ६४ किलोहर्ट्झजवळ. कानाच्या कक्षेबाहेर. ५० किलोओहमच्याच पॉटला अर्ध्या मीटरची केबल आणि जवळ ठेवलेला ॲम्प असेल तरी निभावतं. म्हणून पॅसिव्हचा पहिला नियम: तो पॉवर ॲम्पच्या शेजारी ठेवा आणि त्यापुढची केबल आखूड घ्या.

मग सगळ्यांनी १० किलोओहमच का वापरू नये? कारण त्याची मागची बाजूही आहे. पॉटचा भार फोनो स्टेजवर पडतो. आयसीवर चालणाऱ्या फोनो स्टेजचं आउटपुट इम्पीडन्स काहीशे ओहम असतं, तिला १० किलोओहमचं काही वाटत नाही. व्हॉल्व्हच्या फोनो स्टेजचं ते कित्येक किलोओहम असू शकतं, आणि तिच्या आउटपुटला एक कपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा धरला तर १०० किलोओहमच्या भारावर बेसची घट ३.४ हर्ट्झला येते, १० किलोओहमच्या भारावर ३४ हर्ट्झला. मंद्र षड्जाला धक्का लागत नाही, पण पखवाजाच्या धुमाचा तळ हलका होतो. व्हॉल्व्ह फोनो स्टेज आणि पॅसिव्ह ही जोडी म्हणूनच जपून जमवावी.

पॉवर ॲम्पचं इनपुट इम्पीडन्सही पाहा. ४७ किंवा १०० किलोओहम असेल तर उत्तम. काही क्लास डी ॲम्पचं १० किलोओहमच असतं, तिथे ५० किलोओहमचा पॉट जोडला तर आवाज खालीच राहतो आणि खुंटीची चालही बिघडते.

मधला रस्ता: बफर

आकडे ‘गेन नको पण केबल लांब आहे’ असं सांगत असतील तर उत्तर बफर. पॉटनंतर एक छोटं ॲक्टिव्ह सर्किट, जे व्होल्टेज अजिबात वाढवत नाही, फक्त इम्पीडन्स खाली आणतं. नेल्सन पास यांनी २००८ मध्ये बी१ नावाचं जेफेटवर (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर) चालणारं बफर घरी बनवणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केलं, ते आजही लोक सोल्डर करत बसतात. तयार वस्तूंमध्ये शिट (Schiit) या अमेरिकी कंपनीचा फ्रेया हा प्रीॲम्प शिकण्यासाठी चांगला नमुना आहे: एकाच डब्यात पॅसिव्ह, बफर आणि व्हॉल्व्हचा गेन, तिन्ही बटणावर. कुणाकडे असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याकडे चहाला जा.

मला विचाराल तर नवख्याला बफरच सगळ्यात कमी फसवतो. पॅसिव्हची साधेपणाची हौसही भागते आणि केबलची कटकटही राहत नाही.

फक्त रेकॉर्डवाल्यांना छळणाऱ्या गोष्टी

‘पॅसिव्ह अगदी शांत असतो’ हा मुद्दा सीडीसाठी असेल, रेकॉर्डसाठी त्याला फारसा अर्थ नाही. विनाइलची डायनॅमिक रेंज ६०-७० डेसिबलची. रेकॉर्डची खरखर आणि फोनो स्टेजची सळसळ यांच्यापुढे बऱ्या ॲक्टिव्ह लाइन प्रीॲम्पचा स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही.

वाकलेली रेकॉर्ड मात्र खरा प्रश्न आहे. टोनआर्म आणि कार्ट्रिज मिळून ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास डोलतात, रेकॉर्ड वाकडी असली की वूफरचा पडदा आतबाहेर फडफडताना दिसतो. आवाज येत नाही, पण ॲम्पची ताकद तिथे खर्च होते. ही ऐकू न येणारी कंपनं अडवणारा सबसॉनिक फिल्टर काही फोनो स्टेजमध्ये आणि काही ॲक्टिव्ह प्रीॲम्पमध्ये असतो. पॅसिव्हमध्ये नसतो. चोर बाजारातून उचललेल्या, उन्हात पडून वाकलेल्या रेकॉर्डी तुमच्याकडे भरपूर असतील, तर आधी हा फिल्टर कुठे मिळतोय ते बघा.

मोनो स्विचचंही तसंच. व्यापारी स्टीरिओ एलपी १९५८ च्या सुमारास आल्या, आणि आपल्याकडच्या जुन्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या ईपी-एलपींचा मोठा भाग मोनो आहे. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतून येते ती फक्त घाण. दोन्ही चॅनल एकत्र केले की उभी हालचाल एकमेकींना खोडते आणि खरखर ठळकपणे कमी होते. हे बटण बऱ्याच ॲक्टिव्ह प्रीॲम्पवर असतं. पॅसिव्ह घेताना ते आहे का, विचारा. फोनो स्टेजची दोन आउटपुटं वाय केबलने थेट जोडून मोनो करू नका, दोन्ही आउटपुटं एकमेकांशी भांडतात.

आणि धक्का. पॅसिव्हमध्ये म्यूट रिले (चालू-बंद करताना आवाज तोडणारा स्विच) नसतो, डीसी अडवणारा कपॅसिटर नसतो. फोनो स्टेज चालू करताना ती जो ‘धप्’ करते तो सरळ वूफरपर्यंत जातो. क्रम ठरवून घ्या: आधी फोनो स्टेज, अर्ध्या मिनिटाने पॉवर ॲम्प, आणि बंद करताना उलट. वीज गेली की पॉवर ॲम्पचं बटण लगेच बंद करायची सवय लावा, नाहीतर वीज येताना सगळं एकदम चालू होतं. गावाकडे भारनियमन असेल तर ही सवय स्पीकर वाचवते.

घरी बनवायचा असेल तर

पॅसिव्ह हा सोल्डरिंग शिकायला सर्वांत सोपा प्रकल्प. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात सगळं सामान मिळतं: १० किलोओहमचा ड्युअल (डाव्या-उजव्या बाजूसाठी पिनांच्या दोन रांगा असलेला) लॉग पॉट, चार आरसीए सॉकेट, शिल्डेड वायर, धातूचा डबा. लाकडी डबा सुंदर दिसतो, पण हात जवळ नेला की हम, म्हणजे विजेची गुणगुण, वाढतो.

पॉट घेताना मल्टिमीटर बरोबर न्या. ‘लॉगच आहे’ म्हणून लिनिअर हातात ठेवतात, आणि मग खुंटी नऊवर येईपर्यंतच आवाज बराच मोठा झालेला असतो. ओळखायचं असं: खुंटी डावीकडे पूर्ण फिरवा. मधल्या पिनपासून ज्या टोकाच्या पिनपर्यंत ओहम जवळजवळ शून्य दिसतील, ती पिन ग्राउंडची. आता खुंटी बरोबर मध्यावर आणा आणि त्याच दोन पिनांमध्ये पुन्हा मोजा. ५ किलोओहम दिसले तर लिनिअर, १ ते २ किलोओहम दिसले तर लॉग. मागच्या रांगेतही तेच मोजा. दोन्ही रांगांचे आकडे जितके जवळ तितका पॉट चांगला. दुकानदार कंटाळला तरी तीन-चार मोजून त्यातला एक निवडा. आल्प्स या जपानी कंपनीच्या निळ्या पॉटच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत, नावापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा.

जोडणी: इनपुटची सिग्नलची वायर उरलेल्या टोकाच्या पिनला, मधली पिन आउटपुटला, ग्राउंडची पिन दोन्ही सॉकेटच्या ग्राउंडला. डबा ग्राउंडला एकाच जागी जोडा. आणि हा डबा फोनो स्टेजच्या पुढेच लागतो. टर्नटेबल आणि फोनो स्टेज यांच्या मध्ये तो कधीही घालू नका, कार्ट्रिजला हवा असलेला ४७ किलोओहमचा भार आणि कपॅसिटन्सचं गणित तिथे पार कोलमडतं. कपॅसिटन्सचं निघालंच आहे तर: व्हीएम९५ईला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, आणि टोनआर्मची वायर, केबल व फोनो स्टेज मिळून ते सहज ओलांडले जातात. ट्रेबलचा स्वभाव त्याने जितका बदलतो तितका बऱ्याचदा प्रीॲम्प बदलूनही बदलत नाही.

दोन्ही शेजारी ठेवून ऐकताना

आवाज समान केल्याशिवाय तुलना करू नका. कानाला थोडं मोठं ते चांगलं वाटतं, आणि पॅसिव्ह सहसा थोडा खालीच असतो, म्हणून बिचारा ऐकण्याआधीच हरतो. फोनवर ४०० हर्ट्झचा सलग सूर लावा, तो प्रीॲम्पच्या लाइन इनपुटला द्या, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. समजा ॲक्टिव्हवर १ व्होल्ट आला, तर पॅसिव्हची खुंटी ०.९९ ते १.०१ च्या आत आणा. तेवढ्यात ०.१ डेसिबलचाच फरक राहतो. खुंटीच्या जागेवर पेन्सिलची खूण करा आणि मग रेकॉर्ड लावा.

ऐकायला तानपुरा चांगला. चार तारा सलग, ताल नाही, लक्ष विचलित करायला शब्द नाहीत. वरचे स्वर चमकदार राहतात की धुरकट होतात, आणि खर्ज फुगतो की रोडावतो, हे दोन्ही एकाच वेळी कळतं. मग संतूर किंवा झांजा. एकच तुकडा दोन्ही बाजूंनी लावा, एक-दोन मिनिटांहून लांब नको.

शेवटी हम, कारण तो कुठल्या तरी संध्याकाळी येणारच. आधी टर्नटेबलची हिरवी किंवा काळी ग्राउंड वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट आहे का बघा, जुन्या इमारतीत तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का तेही वायरमनकडून तपासून घ्या. मग पॉटची खुंटी पूर्ण शून्यावर न्या. हम तसाच राहिला तर दोष पॉटच्या पुढे आहे, म्हणजे पॉवर ॲम्प किंवा तिकडे जाणारी केबल. खुंटीबरोबर वाढला तर तो मागून येतोय: कार्ट्रिजच्या वायरी, फोनो स्टेज किंवा तिचा अडॅप्टर. खोल, गोल गुणगुण असेल तर ती ५० हर्ट्झची, सहसा ग्राउंडची किंवा कार्ट्रिजजवळ ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरची. कर्कश भुणभुण असेल तर १०० हर्ट्झ आणि त्याची पिलावळ, तेव्हा संशय पॉवर सप्लायवर घ्या. टर्नटेबल ॲम्पच्या डोक्यावर ठेवलं असेल तर आधी ते बाजूला हलवा, मगच मल्टिमीटर बाहेर काढा.